टिंब

माझ्या नावातला प इथं कुणाच्या ओठात बसत नाही.
धनपालचा दनबाल झालो पहिल्याच दिवशी,
सूर गावात, अल-शिराअ क्लबच्या धुण्याच्या खोलीत.
दोन मशिनी, त्यातली एक बिघडलेली,
आणि भिंतीवर लीगचा तक्ता.

तक्त्यातले आकडे फसवायचे.
त्यांचा पाच म्हणजे हुबेहूब आपलं शून्य,
आणि शून्य म्हणजे नुसतं टिंब.
पहिल्या मॅचला पाच नंबरची जर्सी
मी ट्रंकेतच ठेवून दिली होती,
म्हटलं, शून्य नंबरचा गडी कोण असतोय?
उघड्या अंगानं उभा राहिला यूसुफ, आमचा स्टॉपर,
आणि सगळी खोली हसून आडवी.

कोल्हापुरात मी तालमीकडून खेळायचो, डाव्या बगलेनं.
पेठेविरुद्ध पेठ, हलगी अंगात शिरायची.
मामा पलीकडच्या पेठेचा.
आम्ही जिंकलो की आठवडाभर
मामी ताट वाढायची, पण बोलायची नाही.
इथं एवढं थोरलं स्टेडियम,
त्यात दोनशे माणसं, मांजरं धरून.

गोलकीपर सालिम वीज खात्यात आहे,
मीटर वाचून थेट सरावाला येतो, खिशात पेन तसंच.
मगरिबची बांग झाली की बॉल थांबतो,
रेषेबाहेर चटया पसरतात,
मी तेवढ्यात मोजे जुळवतो.
सेनेगलचा मामादू आणि मी
पगाराच्या दिवशी एकाच रांगेत उभे असतो, पैसे घरी धाडायला.
दोन महिने झाले, ती रांग आम्ही पाहिली नाही.

मस्कतचे क्लब येतात गार बसमधून,
त्यांचे बूटसुद्धा कुणी दुसराच उचलतो.
सलालाला आम्ही जातो रात्रभर प्रवास करून
आणि झोपेतच हरतो.
निझवाचे सज्जन. खजुरांचा डबा देतात,
तीन गोल घालतात,
जाताना रिकामा डबा परत मागत नाहीत.

खलफान म्हातारा गलबतं बांधायचा.
कवाचा थर्मास घेऊन तिसऱ्या पायरीवर,
कितीही हरलो तरी एकच बोलतो:
वारा नव्हता.

शेवटच्या मॅचला वारा होता.
कोपऱ्यातलं निशाण फडफडत होतं,
खाडीचा खारा वास गोलपर्यंत येत होता.
सत्त्याऐंशीव्या मिनिटाला शिट्टी, यूसुफचा हात लागला.
बेनल्टी! बेनल्टी! पाहुण्यांचा बाक उठून ओरडला.
प नसला म्हणून काय, पोटात गोळा तेवढाच येतो.
सालिम डावीकडं पडला. आख्खा माणूस पडला
आणि बॉल त्याच्या ढोपराला लागून थेट माझ्या बादलीत.
मी नाचलो हो, पन्नाशीतला माणूस, बादली घेऊन.

गोल झाला नाही. कुणाचाच नाही.
बरोबरी पुरायची होती, फक्त निझवात तेवढं
ज्यांच्याशी आमची बरोबरी, ते हरायला हवे होते.
कुणाच्या तरी फोनवरून बातमी आली
आणि ती पायरी-पायरीनं खाली उतरली,
पळत नाही, चालत.
ते जिंकले होते. आम्ही खालच्या लीगमध्ये.

जुन्या बोर्डावर हातानं लावलेल्या पत्र्याच्या पाट्या.
आमचं टिंब वर, त्यांचं खाली.
मी बघत राहिलो.
विसर्ग.
शाळेत दुःख लिहिताना मी तो कायम विसरायचो,
बाई लाल शाईनं देऊन टाकायच्या.

रात्री एकाच मशिनीत अकरा जर्स्या लावल्या.
पाच नंबरचा गवताचा डाग दोनदा घासला.
यूसुफ दारात आला, म्हणाला, दनबाल, राहू दे,
पुढच्या वर्षी नव्या येतील.
येतील काय, कुणाला ठाऊक.
मी म्हटलं, सोमवारी सराव आहे नव्हं?
त्याला नव्हं कळलं नाही, सोमवार कळला.

बाहेर खलफान थर्मास उपडा करून
उरलेला कवा वाळूत ओतत होता.
आज काय म्हणतो म्हणून थांबलो.
काही बोलला नाही.
टोपी उडू नये म्हणून हातानं धरली होती.